किस्सा नंतर सांग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू निघून गेल्यावर दोघं-तिघं मागे रेंगाळले होते, आणि बोलणं तुझ्याबद्दलच चाललं होतं. आमच्या जॅझ ऐकण्याच्या बैठकीला पहिल्यांदाच येताना तू पियानोवादक बिल एव्हान्सची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही रेकॉर्ड घेऊन आलीस, ती कडेनं धरून, खाचांना बोट न लावता माझ्या हातात दिलीस. मला फार बरं वाटलं. म्हणूनच हे लिहितो आहे.

सुई टेकवण्याआधी तू सांगितलंस की 25 जून 1961 ला, रविवारीच, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये हे वाजलं, आणि त्यानंतर अकराच दिवसांनी बास हे तंतुवाद्य वाजवणारा स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. वय 25. सगळं खरं आहे. पण ते ऐकल्यावर आमची सगळी खोली सुतकात बसल्यासारखी झाली. माना खाली. त्या दिवशी त्या तळघरात कुणाला काय माहीत होतं? तिथे ग्लास किणकिणताहेत, मागच्या टेबलांवर लोक गप्पा मारताहेत, आणि लाफारो पियानोच्या मागून नुसता ठेका न धरता सारखा त्याच्याशी बोलतो आहे, मध्येच त्याच्याही वर जातो आहे. किती जिवंत वाजवलंय! आम्ही मात्र मृत्यू ऐकत बसलो, बास ऐकायचा राहिला.

किस्सा नंतर सांगत जा. आधी जागा दाखव.

‘जागा’ हा आपल्या गाण्यातला शब्द या संगीतालाही नेमका लागू पडतो. आपण म्हणतो ना, बुवांनी काय जागा घेतली! ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तीन मात्रांच्या झोक्यावर सुरू होते, आणि बघता बघता तीनाचे चार होतात. तेव्हा मी तुझ्याकडे पाहत होतो. तुझी बोटं गुडघ्यावर ताल धरून होती, ती क्षणभर थांबली, अडखळली, आणि नव्या वजनावर पुन्हा सुरू झाली. तुला काय आवडलंय ते तुझ्या बोटांनी सांगितलं, तोंडानं सांगितलं नाहीस. “इथे वजन बदलतं, तेवढं ऐका,” एवढंच म्हणाली असतीस तरी सगळे सरसावून बसले असते.

माझ्या शिकण्याच्या दिवसांत व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओवर विलिस कॉनोव्हर जॅझ लावायचे. शॉर्टवेव्हवरची ती खरखर अजून कानात आहे. जगभरच्या, इंग्रजी परकी असलेल्या लोकांना कळावं म्हणून ते अगदी सावकाश बोलायचे. कोण वाजवतंय ते सांगायचे आणि बाजूला व्हायचे. ते बाजूला होणं मी त्यांच्याकडून घेतलं.

आता दुसरी गोष्ट. एकजण म्हणाले, “पियानो फार मऊ आहे, मला भिडला नाही.” तू गप्प झालीस, आणि शेवटपर्यंत बोलली नाहीस. लागलं तुला. आपल्या आवडीला कुणी नाही म्हटलं की आपल्यालाच नाही म्हटल्यासारखं वाटतं. माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगतो.

माझे एक स्नेही पेटी वाजवायचे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ आम्ही दोघांनी मिळून किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. ते म्हणायचे, “पहिली बाजू पेटीवर धरता येत नाही. सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. दुसरी बाजू मात्र बरोबर बसते.” मी म्हणायचो, तुमची पेटी उतरली आहे. पेटी उतरली असती तर दुसरी बाजू कशी बसली असती, हा साधा विचारही मी केला नाही. मी त्या रेकॉर्डच्या प्रेमात होतो, आणि तिच्यात काही खोट असेल हे ऐकूनच घ्यायचं नव्हतं. पुढे 1992 ची नवी आवृत्ती हाती आली तेव्हा कळलं. 2 मार्च 1959 च्या ध्वनिमुद्रणात टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं, म्हणून ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढायचा, आणि त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीस वर्षांहून अधिक काळ किंचित चढ्या सुरात छापल्या जात होत्या. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती ठीक होती. नव्या आवृत्तीत पहिल्या बाजूवरचं ‘सो व्हॉट’ पेटीवर चपखल बसलं. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “सोडा हो, परत लावा.”

म्हणून ज्यांना पियानो मऊ वाटला त्यांना विचार, नेमका कुठे वाटला? त्यांच्या कानांना काहीतरी लागलं आहे, ते काय आहे ते तुला कळायला हवं. कदाचित तुला पटणार नाही. पण पुढच्या वेळी त्या जागेशी तू थबकशील.

आणि केवळ एकाच वादकाच्या मागे लागू नकोस. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या चार्ली पार्करचा डीन बेनेदेत्ती नावाचा एक भक्त होता. 1947-48 मध्ये तो क्लबांत ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन जाई, पार्करचा सोलो, म्हणजे एकट्याचा वाजवण्याचा भाग, सुरू झाला की ते चालू करी, संपला की बंद. ते ध्वनिमुद्रण 1990 मध्ये प्रसिद्ध झालं. एवढी भक्ती, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण ऐकताना जीव तुटतो. पार्कर ज्यांना उत्तर देत होता त्या इतरांचे सोलो, सगळे कापलेले. परवा तू फक्त एव्हान्सबद्दल बोललीस. ड्रम वाजवणाऱ्या पॉल मॉशनचे ब्रश झांजेवर कसे फिरतात ते ‘माय फूलिश हार्ट’मध्ये ऐक, डोळे मिटून, पियानोकडे मुद्दाम दुर्लक्ष करून.

पुढच्या रविवारी तीच रेकॉर्ड परत आण. ‘मऊ’ म्हणणारे येणार आहेत, त्यांच्याच शेजारी बस. पहिली बाजू संपली की मग लाफारोचं सांग. त्याच दिवसाच्या ध्वनिमुद्रणातून जी पहिली रेकॉर्ड निघाली तिची सुरुवातही त्याच्या रचनेनं केली आणि शेवटही, हेही सांग. मी नवी सुई बसवून ठेवतो. जुनी वरच्या सुरांवर किंचित फाटत होती, तुझ्या रेकॉर्डवर ती चालवायला मन होत नाही.