तळोजा जेलमधून शिक्षा भोगून सुटलेल्या भावाला मतदानाचा हक्क परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो का?

नाही, कोर्टात जायची गरज नाही. सुटला त्या दिवसापासून तो मत देऊ शकतो, फक्त यादीत नाव हवं. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 62(5) नुसार बंदी असते ती तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेपर्यंतच. जामिनावर बाहेर असलेल्यालाही मत देता येतं. सुटकेनंतर सहा वर्षांची जी अट लोक सांगतात ती निवडणूक लढवण्याची आहे, मत देण्याची नाही. (सोसायटीच्या ग्रुपवर हा घोळ हमखास होतो.)

खरी अडचण यादीची. तुरुंगात गेल्यामुळे नाव कटत नाही, पण पडताळणीला आलेल्या बीएलओला (मतदार यादीचं काम बघणारा बूथ पातळीवरचा अधिकारी) माणूस त्या पत्त्यावर राहत नाही असं कळलं की ते वगळलं जाऊ शकतं. म्हणून आधी निवडणूक आयोगाच्या ECINET अ‍ॅपवर (आधीचं व्होटर हेल्पलाइन) मतदार ओळखपत्राचा नंबर टाकून बघा. नाव गेलं असेल तर नव्याने नोंदणीसाठी फॉर्म 6 भरा. नाव आहे, पण ऐरोलीहून दिव्याला राहायला गेलाय, तर पत्ता बदलण्यासाठी फॉर्म 8.

अपवाद एकच: शिक्षा मतदारांना लाच देणं किंवा बोगस मतदान अशा निवडणूक गुन्ह्यासाठी झाली असेल, तर कलम 11अ खाली सहा वर्षं मतदानही बंद. ती अपात्रता निवडणूक आयोग काढू शकतो.