आईचा स्वयंपाक आणि घरातले तीन परीक्षक

"मॅडम, माझ्या हाताची चवच गेलीय."

हे वाक्य माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका निरनिराळ्या शब्दांत बोलतात. केलेलं कुणाला आवडत नाही, घरात सारखी नावं ठेवतात, संध्याकाळ झाली की स्वयंपाकघरात पाय टाकवत नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्या हातांनी घराला जेवू घातलं त्याच हातांवरचा भरवसा उडतो, आणि दोष मात्र ती बाई स्वतःलाच देते. अशाच एका ताईंची हकिगत त्यांच्या संमतीने इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ४६ वर्षांच्या, राहायला नाशिकमध्ये इंदिरानगरला. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे हात खानदेशी. शेवभाजी, कळण्याची भाकरी, भरीत यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही असं सासूबाईसुद्धा म्हणायच्या. यजमान अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, मुलगी कॉलेजात, मुलगा अकरावीला. माझ्याकडे त्या स्वयंपाकाची तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. झोप लागत नाही, संध्याकाळी सहाच्या सुमाराला छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, वजन उतरलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. आधी मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, पाळी जाण्याच्या आधीचे बदल हे सगळं बघून घ्यावंच लागतं. बी-१२ थोडं कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. धडधड मात्र आपली वेळ सोडेना. सकाळी डबे भरताना नाही, दुपारी नाही. रोज संध्याकाळी, कुकर लावायच्या वेळेला.

"सहा वाजता घरात काय होतं?" असं विचारल्यावर त्यांनी पर्समधून एक वही काढली.

साधी शाळकरी वही. पानापानावर रेघा मारून रकाने पाडलेले. वार, भाजी आणि पुढे तीन आकडे. मंगळवार, गिलक्याची भाजी, ५, ४, ६. बुधवार, मसूर, ६, ६, ५. गुरुवारी भरीत, आणि पुढे ७, ३, ७. त्या तिनाभोवती पेनाने इतक्यांदा गोल फिरवला होता की कागद फाटायला आला होता. यजमान, मुलगा, मुलगी, अशा क्रमाने हे गुण. रात्री ओटा आवरून झाला की त्या लिहून ठेवायच्या. "कशात कमी पडते ते कळावं म्हणून," त्या म्हणाल्या.

सुरुवात अगदी हसतखेळत झाली होती. २०२५ च्या सुरुवातीला सोनीवर 'सेलिब्रिटी मास्टरशेफ' ही नामवंतांची स्वयंपाकाची स्पर्धा लागायची. त्यात आपल्या उषा नाडकर्णी होत्या, म्हणून ताईंनीच ते घरात लावलं. विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि फराह खान या परीक्षकांपुढे पदार्थ जायचे आणि इकडे चौघं ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायचे. एक दिवस मुलीने ताटातली भाजी चमच्याने सरकवत "प्लेटिंग नाही गं, आई" म्हटलं, म्हणजे ताटातली मांडणी. सगळे हसले, ताईही हसल्या. मग दहापैकी गुण सुरू झाले. मग भाजी बिघडली की "आई, आज ब्लॅक एप्रन", म्हणजे स्पर्धेतून बाद व्हायची वेळ आलेल्याचा काळा एप्रन. मग घास तोंडात घेऊन डोळे मिटायचे, मुद्दाम थांबायचं, आणि निकाल द्यायचा. एप्रिलमध्ये कार्यक्रम संपला, गौरव खन्ना जिंकला. घरातली स्पर्धा चालूच राहिली.

"ते थांबतात ना मॅडम, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो," ताई म्हणाल्या.

या थांबण्याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. टीव्हीवर ते थांबणं लांबवलेलं असतं. आळीपाळीने दाखवलेले चेहरे आणि मागचं संगीत हे सगळं संकलनाच्या टेबलावर जोडलं जातं. ताट परीक्षकांपुढे येईपर्यंत पदार्थ बऱ्याचदा गार झालेला असतो, म्हणून परीक्षक रांधणं चालू असतानाच फिरून चव घेऊन ठेवतात, हे अशा स्पर्धांत उतरलेल्यांनीच सांगितलेलं आहे. म्हणजे कॅमेऱ्यापुढचा घास हा निम्मा देखावा. घरी तसं नसतं. तिथे गरम भाकरी ताटात पडते आणि भाकरी करणारी बाई तव्यापाशी उभी राहून खरोखरच तुमच्या तोंडाकडे बघत असते.

मला हे कार्यक्रम वाईट वाटत नाहीत. १९९३ मध्ये 'खाना खजाना' सुरू झालं तेव्हा संजीव कपूर शिकवायचे आणि आपल्या आया वही-पेन घेऊन बसायच्या. 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये प्रशांत दामले पाहुणीशी गप्पा मारत घास घ्यायचे, दाद द्यायचे. २०१० मध्ये 'मास्टरशेफ इंडिया' आलं आणि पडद्यावरचं स्वयंपाकघर परीक्षेचा हॉल झालं. तरी त्यातूनही चांगलं घडलंय. रणवीर ब्रारचं बघून कढई हातात धरलेले मुलगे मला माहीत आहेत, आणि आपल्या घरांत मुलग्याने ओट्याशी उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हे. पण पहिल्या पर्वाची विजेती पंकज भदौरिया आठवा. लखनौच्या शाळेतली शिक्षिका, नोकरी सोडून त्या स्पर्धेत उतरली होती. परीक्षण होणार हे तिला माहीत होतं, ते तिनेच मागितलं होतं. इंदिरानगरच्या या ताईंनी अर्ज कधी भरला?

आता मिठाचं. वहीत कमी गुण पडलेल्या दिवशी शेरा बहुतेक एकच असायचा, खारट. ताई पूर्वी अंदाजाने मीठ टाकायच्या आणि ते कधी चुकायचं नाही. गुण सुरू झाल्यापासून त्या एकच भाजी पुन्हा पुन्हा चाखायला लागल्या. एकच चव सारखी घेत राहिलं की जीभ तिला सरावते आणि ती फिकी लागायला लागते. त्यात धास्तीने तोंडाला कोरड, आणि पुरेशी लाळ नसेल तर चव धड कळतच नाही. मग आणखी एक चिमूट. मग खारट. मग ३ गुण. मग दुसऱ्या दिवशी आणखी चाखणं. हे सगळं कागदावर काढून दाखवलं तेव्हा ताई पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. हाताची चव कुठेही गेली नव्हती. भीतीने जीभ बिघडवली होती. भाजी एकदाच चाखायची, त्याआधी दोन घोट पाणी प्यायचं आणि मिठाला पुन्हा हात लावायचा नाही, एवढा नेम आम्ही ठरवला. वही माझ्या कपाटात ठेवून घेतली.

पण दुखणं एकट्या ताईंचं नव्हतं, म्हणून घरच्यांना बोलावलं. त्याच सुमाराला रीलचा प्रकार झाला होता. ताई भाकरी थापत असताना मुलाने मागून येऊन भाकरीचे दोन अर्धे त्यांच्या दोन्ही कानांना लावले आणि एका गाजलेल्या क्लिपची नक्कल करत इंग्रजीत ओरडला, "तू कोण आहेस?" ताईंना काय चाललंय ते कळलंच नाही. पिठाचे हात तसेच वर धरून त्या कॅमेऱ्याकडे बघून ओशाळवाणं हसल्या. मुलीने शूट केलं आणि ते नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं. नणंदेने हसण्याच्या इमोजी पाठवल्या. त्या रात्री ताई जेवल्या नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

यजमान आले ते थोडे वैतागूनच. "मॅडम, गंमत असते हो. या वयात बायकांचं असं होतं, प्रत्येक गोष्ट मनाला लागते." हे वाक्य मी फार ऐकते. तक्रार बाजूला राहते आणि तक्रार करणारीचं वय पुढे येतं. मी त्यांना त्यांच्याच कामाचं विचारलं. पार्ट रिजेक्ट करता तेव्हा हातात काय असतं? ते म्हणाले, ड्रॉइंग. त्यावर माप, टॉलरन्स म्हणजे मापात चालेल एवढा फरक, सगळं दिलेलं असतं. ड्रॉइंगच दिलं नसेल तर? "तर रिजेक्ट कसं करणार? सप्लायर भांडेल." मग मी म्हटलं, ताईंना तुम्ही सकाळी कधी सांगितलंत, आज मला भरीत कमी तिखट हवंय म्हणून? ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने बायकोकडे बघून म्हणाले, "मी सात द्यायचो. सात म्हणजे चांगलंच की." सात हे ताईंना नापास वाटत होतं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या आईच्या हातचं जेवताना त्यांनी कधी आकडा उच्चारला होता का, हे विचारलं तेव्हा त्यांचा वैताग उतरला.

मुलगा वेगळा होता. त्याला जगभरच्या शेफची खडान्‌खडा माहिती, आणि स्पर्धकांवर ओरडण्यासाठी प्रसिद्ध असलेला ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमसे म्हणजे देव. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. त्याचं प्रेम खरं होतं. म्हणून मी रॅमसेबद्दलच बोलले. पावाचे दोन तुकडे बाईच्या कानांना लावून तिच्याकडून "इडियट सँडविच" म्हणवून घेतल्याची रॅमसेची जी क्लिप सगळीकडे फिरते, जिची नक्कल मुलाने रीलमध्ये केली होती, ती कुठल्याही स्पर्धेतली नाही. २०१५ मध्ये जेम्स कॉर्डनच्या गप्पांच्या कार्यक्रमात रॅमसेच्याच 'हेल्स किचन' या स्पर्धेची नक्कल म्हणून केलेलं ते प्रहसन होतं, आणि पावांच्या मधला चेहरा ज्युली चेन या टीव्ही निवेदिकेचा होता. ती ठरवून केलेल्या विनोदात सामील होती. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने तिथेच फोनवर शोधून पाहिलं. मग मी त्याला २०१३ पासूनचं 'मास्टरशेफ ज्युनियर', म्हणजे रॅमसे परीक्षक असलेली लहान मुलांची स्पर्धा, बघायला सांगितलं. 'हेल्स किचन'मध्ये शेफच्या नोकरीसाठी उतरलेल्या मोठ्या माणसांवर बरसणारा हाच माणूस तिथे रडवेल्या पोराशेजारी वाकून उभा राहतो, त्याला सावरतो, चूक असेल तर ती हळू आवाजात सांगतो. समोर कोण आहे हे त्याला कळतं.

पुढच्या वेळी मुलगा स्वतःच एक बातमी घेऊन आला. ब्रिटनच्या 'मास्टरशेफ'चा जुना परीक्षक ग्रेग वॉलेस. त्याच्या वागण्याबद्दलच्या ८३ आरोपांची स्वतंत्र चौकशी झाली, ४५ खरे ठरले, आणि जुलै २०२५ मध्ये त्याची गच्छंती झाली. त्याच महिन्यात त्याचा जोडीदार परीक्षक जॉन टोरोड यालाही जावं लागलं. मुलाने नेमकी एक गोष्ट हेरली होती. आरोप पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा वॉलेसने ते ठरावीक वयाच्या मूठभर मध्यमवर्गीय बायकांचं बोलणं म्हणून उडवून लावलं होतं. पुढे त्याला त्याबद्दल माफी मागावी लागली. "पप्पा पण असंच म्हणाले होते ना," मुलगा म्हणाला. वडील शेजारीच बसलेले होते. त्या दिवशी त्याने ग्रुपवरून रील काढायचा प्रयत्न केला. वेळ निघून गेल्यामुळे ते सगळ्यांच्या फोनवरून जाईना, म्हणून ग्रुपवर आईची माफी मागणारा मेसेज टाकला. तो मसुदा त्याचा त्याने लिहिला, मी एक शब्द सुचवला नाही.

नंतर घरात नियम थोडे केले. आकडा बंद. हवं ते आधी सांगायचं, तेही सकाळी, भाजी आणायच्या आत. जेवताना काही कमी-जास्त वाटलं तर स्वतःच्या ताटापुरतं बोलायचं: "मला जरा मीठ दे", "मला अजून तिखट चालेल". आणि ताईंनी सगळ्यांसोबत बसून जेवायचं, तव्यापाशी उभं राहून नाही. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर थोड्या निवतात, पण चालतं. रविवारची मिसळ मुलाकडे आली. मटकीला मोड आणण्यापासून काळ्या मसाल्याच्या रश्शापर्यंत सगळं तो करतो, ओटाही आवरतो.

बऱ्याच जणी विचारतात, असे कार्यक्रम घरात बंदच करावेत का? मी बंद करायला सांगत नाही. या घराने पुन्हा लावले तर परीक्षकांचा निकाल येण्याआधी आपापसांत पैजा लावा, स्पर्धकांवर वाटेल तेवढं बोला, असं मी सांगितलंय. जेवण मात्र टीव्हीसमोर नको. दुसरा प्रश्न पुरुषांचा असतो, आवडलं नाही तर सांगायचंच नाही का? जरूर सांगा, पण घास तोंडात असताना नको, आणि सांगताना पुढच्या वेळी काय हवं ते सांगा. सांगून झाल्यावर लसूण सोलायला बसलात तर फार चांगलं.

ज्या बाईला स्वयंपाकघराची धास्ती वाटतेय, झोप उडालीय, अन्न जात नाही आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय, तिने अंगावर काढू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं आणि जवळ समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

ताईंची सहाची धडधड आता बरीच कमी आहे, वजनही थोडं भरलंय. दीर-जाऊ जेवायला येणार असले की आदल्या रात्री अजून झोप लागत नाही. त्यावर आमचं काम चालू आहे. मुलगी अधूनमधून ताटात चमचा फिरवते, मग भावाकडे बघून थांबते. वही अजून माझ्याकडेच आहे. परत हवी का, असं मी मागे विचारलं, तर ताई म्हणाल्या की उरलेली कोरी पानं फाडून द्या, वाण्याच्या हिशोबाला होतील.