वेलनेस सुरू करतोयस? आधी झोप बघ

अरे पहिल्याच दिवशी स्मार्टवॉच नि प्रोटीनचा डबा घेऊ नकोस, मी घेतलेला, डबा अजून फडताळात पडलाय. आधी झोप. रात्री साडेबारापर्यंत रील्स नि सकाळी सहाला भाट्याच्या (रत्नागिरीजवळचा समुद्रकिनारा) वाळूत धावायचं, कसं जमणार रे? मोठ्या माणसाला 7 तास तरी लागतातच. व्यायाम म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटं सांगते, म्हणजे रोजची वीसबावीस मिनिटं, संध्याकाळी भरभर चालून आलास की झालं, फक्त ओल्या घट्ट वाळूवरनं चाल, मऊ वाळूत पोटऱ्या भरून येतात. खाण्यासाठी वेगळं डाएट कशाला, उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी घरातच आहे की. गोची मिठाची आहे, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं आणि आपण पेजेबरोबर सुका बांगडा नि लोणचं दोन्ही घेतो (मला अजून सुटलं नाहीये, खोटं कशाला बोलू). तिशी झाली असेल तर वर्षातून एकदा बीपी बघून घे. आणि पावसात चार दिवस घरात कोंडून डोकं जड झालं तर शेजारच्या पडवीत जाऊन बस जरा, चहा मिळतोच.