वाळवीची इंग्रजी व स्पॅनिश नावे : नवख्यांसाठी
वाळवीविषयीचा इंग्रजी आणि स्पॅनिश मजकूर नव्याने वाचू लागलेल्यांनी केवळ नावावर विसंबू नये, असे मी सुचवेन. इंग्रजीतील 'टर्माइट' निःसंदिग्ध आहे. जुन्या लेखनात मात्र 'व्हाइट अँट' आढळते. ते नाव आणि स्पॅनिशमधील 'ओर्मिगा ब्लांका' ही दोन्ही फसवी आहेत, कारण वाळवी मुंग्यांच्या नव्हे, तर झुरळांच्या गणात मोडते. स्पॅनिशमध्ये 'तेर्मिता' सर्वत्र चालते, पण कॅरिबियन बेटांवर आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत मूळ अरावाक भाषेतून आलेला 'कोमेखेन' हाच शब्द लोकांच्या तोंडी असतो, तेव्हा माहिती शोधताना दोन्ही शब्द वापरावेत. खरा घोळ 'पोलिया' या शब्दाने होतो, कारण त्याचा नेहमीचा अर्थ कसर किंवा पतंग असला, तरी प्युर्तो रिकोत कोरडे लाकूड पोखरणाऱ्या वाळवीलाही तेच म्हणतात. अशा वेळी नाव बाजूला ठेवून वर्णन वाचावे. मण्यांच्या माळेसारख्या सरळ मिशा, छाती व पोट यांच्यामध्ये न आवळलेली कंबर आणि पंख फुटलेल्या किड्यांचे चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे असतील, तर ती वाळवीच. मुंगीच्या मिशा मध्येच मुडपलेल्या असतात आणि तिचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे असतात.