पल्प परदेशी पाठवायचाय? आधी नमुना सांभाळा

दादा, खानापूर-निपाणी पट्ट्यातून आंब्याचा पल्प परदेशी धाडायचं मनावर घेतलंत, फार बरं वाटलं. पण लगेच मशिनरीच्या मागे लागू नका. पहिला हंगाम अ‍ॅसेप्टिक लाइन (निर्जंतुक पल्प निर्जंतुक पिशवीत भरणारी यंत्रणा) असलेल्या कारखान्यातून जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी देऊन, माल काढून घ्या. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा परवाना), अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी तोवर उरकून टाका.

खरा कस लागतो ग्राहकाला पाठवायच्या नमुन्यात. ज्यूस किंवा दही बनवणारा कारखानदार चवीआधी आकडे बघतो: हापूसला साधारण 16 ब्रिक्स (गोडीचं माप), तोतापुरीला 14, पीएच (आंबटपणाचं माप) 4 च्या आसपास, काळे ठिपके किती. युरोपात पाठवणार असाल तर कीटकनाशकांच्या अंशांचा लॅब रिपोर्ट लागतोच, म्हणून बागायतदाराची फवारणीची नोंदवही तोडणीआधीच बघा. इथेच बरेच जण ढिले पडतात. नमुना एक, माल दुसरा, असं चुकूनही करू नका. प्रत्येक बॅचमधलं थोडं राखून ठेवा.

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 215 किलोचे 80 ड्रम बसतात. भरताना झाकण उघडून बघा. आतली पिशवी फुगलेली दिसली तर तो ड्रम सरळ बाजूला काढा, माल आंबायला लागलाय.

नव्या ग्राहकाला उधारी नको. आगाऊ रक्कम किंवा एलसी (ग्राहकाच्या बँकेची पैशांची हमी) घ्या, पुढे ओळख वाढली की ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी सरकारी कंपनी) विमा काढून मुदत द्या.