घरच्या बिअरच्या केगला (धातूच्या पिंपाला) सीओटूऐवजी नायट्रोजन लावला तर ती क्रीमी होते का? रेग्युलेटर (सिलिंडरचं प्रेशर आवरणारा) तोच चालेल का?

नुसता नायट्रोजन लावून काहीही होत नाही. क्रीमीपणा नळात असतो, सिलिंडरमध्ये नाही. हे ठासून सांगतोय कारण याच गोष्टीपायी माझ्या चांगल्या स्टाउटची (काळ्या, दाट बिअरची) भर पार्टीत अब्रू गेली.

इथे न्यू जर्सीत आमचे थोरले साडू राहतात. त्यांच्याकडच्या थर्टी फर्स्टला मी ओटमील स्टाउटचा केग घेऊन गेलो. ते म्हणाले गॅस माझा, आणि कुठून तरी आणलेला शुद्ध नायट्रोजन जोडला, पुढे साधा पिकनिक टॅप, म्हणजे नळीच्या टोकाचा प्लास्टिकचा नळ. मी सांगत होतो की याला स्टाउट फॉसेट, म्हणजे स्टाउटचा खास नळ, लागतो, तर यांचं एकच, सगळा खेळ गॅसचा असतो, नळाचे पैसे दुकानदार उगाच उकळतात. ग्लासात आलं ते काळं पाणी, वर फेसाची नुसती कड. आणि चारचौघांत म्हणतात काय, रेसिपीतच दम नाही!

मग मी मेव्हणीकडून लहान मुलांना औषध पाजायची सिरिंज मागून घेतली, त्याच ग्लासातली थोडी स्टाउट ओढली आणि जोरात परत आत मारली. बघता बघता अख्खा ग्लास तपकिरी झाला, मग हळूहळू तळापासून काळा होत गेला आणि वर बोटभर घट्ट फेस. तीच बिअर, तोच गॅस. साडू म्हणाले योगायोग. अजूनही तेच म्हणतात.

योगायोग कसला. नायट्रोजन बिअरमध्ये जेमतेम विरघळतो, सीओटू त्याच्या ५० पटींहून जास्त विरघळतो. आणि जो काही नायट्रोजन विरघळलाय तो आपणहून बाहेर येत नाही, त्याला हिसका द्यावा लागतो. स्टाउटच्या नळात बारीक भोकांची एक चकती असते, तिच्यातून बिअर ३०-४० पीएसआय (प्रेशरचं माप) ने रेटली की ते बारीक बुडबुडे सुटतात. बरं, गिनेस या प्रसिद्ध आयरिश स्टाउटवाल्यांनी १९५९ साली ड्राफ्ट (नळातून येणारी) काढली तेव्हा मायकेल अ‍ॅश या मूळच्या गणितवाल्या माणसाने जी पद्धत बसवली त्यातही नायट्रोजन आणि सीओटू मिसळूनच होते. शुद्ध नायट्रोजन लावला तर केग रिकामा होत जातो तसा बिअरमधला सीओटू वरच्या मोकळ्या जागेत निघून जातो आणि बिअर मरते. म्हणून ७५ टक्के नायट्रोजन, २५ टक्के सीओटूचं मिक्स घ्या, बिअर आधी सीओटूवर १.२ व्हॉल्यूमच्या (बिअरच्या १.२ पट सीओटू विरघळलेला) आसपास कार्बोनेट करा. नेहमीसारखी २.५ ला नेलीत तर या नळातून नुसता फेसच येईल.

रेग्युलेटर तोच चालत नाही. अमेरिकेत सिलिंडरच्या जोडणीचे ठरलेले प्रकार असतात, सीओटूला सीजीए ३२०, नायट्रोजन आणि मिक्सला सीजीए ५८०, आटेच जुळत नाहीत. अ‍ॅडॉप्टरचा जुगाड नको, भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये २००० पीएसआयच्या वर प्रेशर असतं, सीओटूमध्ये ८०० च्या आसपास. भारतात असाल तर आटे वेगळे, सिलिंडरवाल्याला विचारूनच घ्या.

हां, आणि हे स्टाउट-पोर्टरलाच शोभतं, आयपीएला (हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांची चव असलेल्या बिअरला) लावू नका, हॉप्सचा वास दबतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा, बंद बेसमेंटमध्ये ठेवू नका, नायट्रोजनला वास नसतो, गळला तर कळतही नाही आणि खोलीतला ऑक्सिजन कमी होतो.

पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी नळ घ्या. आणि पार्टीत कुणी "गॅस माझा" म्हणालं तर नळ कुठला लावणार ते आधी विचारा, मगच त्याला केगला हात लावू द्या.