सात महिन्यांच्या संकरित कालवडीला उसाच्या वाढ्यांऐवजी (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याऐवजी) मक्याचा मुरघास देता येईल का, आणि किती?

होय, सात महिन्यांच्या कालवडीला मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, देता येतो. वजन दीडशे किलोच्या आसपास असेल तर रोज 5 ते 6 किलोपर्यंत द्यावा, मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत तिथवर यावे. या वयात कोठीपोट (चारा आंबवून पचवणारा पोटाचा मोठा कप्पा) चाऱ्यावर काम करण्याइतके तयार झालेले असते, परंतु मुरघासात सुमारे दोन तृतीयांश पाणी असल्याने सहा किलोंतून शुष्क पदार्थ जेमतेम दोन किलो मिळतो आणि या वजनाच्या जनावराला तो रोज चार किलोंच्या घरात लागतो. उरलेली गरज कडबा, लसूणघास आणि पेंडयुक्त खुराकातून भागवावी, कारण मक्याच्या मुरघासात ऊर्जा भरपूर असली तरी प्रथिने व कॅल्शियम कमी असतात आणि नुसत्या मुरघासावर कालवड अंगाने भरते, पण हाडापेराने वाढत नाही. सांगली-साताऱ्याकडे गळीत हंगामात गोठ्यांत वाढ्यांवरच भर असतो. वाढ्यांतील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून मुरघासासोबत थोडे वाढे चालू ठेवणार असाल तर खनिज मिश्रण अजिबात चुकवू नये. एक अट मात्र काटेकोरपणे पाळावी: बुरशी आलेला, काळपट पडलेला किंवा कुजकट वासाचा मुरघास वाढत्या वासरांना मुळीच घालू नये, आणि मुरघासाची बॅग उघडल्यावर रोज लागेल तेवढाच काढून तोंड लगेच घट्ट बांधावे.